गणपत गल्लीतलं फ्रेमचं दुकान: बारीक रेघांच्या छापचित्रांसाठी

आमच्या खानापूर तालुक्यातल्या शाळेच्या चित्रकला वर्गासाठी पीटर ब्रूगेल (थोरला) या सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकाराच्या ‘सोलिसिटुडो रुस्टिका’ या निसर्गचित्राची प्रत बेळगावात छापून, फ्रेम करून घेतली. पुढं लांब दांड्याच्या विळ्याला धार काढणारा शेतकरी, आणि त्याच्या पलीकडं नदीचं खोरं दूरवर पसरत गेलेलं. सह्याद्रीच्या कुशीतल्या आमच्या पोरांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

मूळ रेखाटन ब्रूगेलचं. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर एचिंग केलं, म्हणजे अ‍ॅसिडनं रेघा कोरल्या, यान आणि लुकास व्हान डुटेकम या भावांनी, आणि 1555-56 च्या सुमारास अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमस कॉक यानं ते छापून विकलं. या मालिकेत अशी बारा मोठी चित्रं आहेत. आल्प्स ओलांडून आलेल्या ब्रूगेलनं पाहिलेले डोंगर लोकांच्या घरी पोचले ते या कारागिरांच्या हातून. छापावर नाव मात्र ब्रूगेलचं आणि कॉकचं. डुटेकम भावांचं नाहीच. मला ते फार लागतं, म्हणून फ्रेमखाली त्यांची नावं मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून लावली.

आधी एका दुकानात चकचकीत फोटो पेपरवर प्रिंट काढली होती. कॉम्प्युटरनं आपोआप ‘शार्प’ केल्यामुळं आभाळातल्या रेघा तुटल्या, आणि ए-थ्रीत बसवायला वरखाली कापलंही. मूळ छाप साधारण 32 बाय 42 सेंटीमीटरचा. ए-थ्रीत तो मावतच नाही.

गणपत गल्लीतल्या मामांनी मॅट कॉटन पेपरवर मूळ मापातच प्रिंट काढून दिली. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, कापण्याआधी थांबून विचारलं, “सर, खालची अक्षरं झाकली तर चालतंय काय हो?” नाही म्हटल्यावर मूळ छापावर उमटलेली तांब्याच्या पत्र्याची कड दिसेल एवढी जागा सोडली. काच चित्राला टेकू दिली नाही, पाठीमागं टेप लावून हवा बंद केली. खानापूरच्या पावसात हे नसेल तर बुरशी ठरलेली. आता भिंग धरलं की दूरच्या डोंगरावरच्या रेघा एकेक सुट्या दिसतात.

माउंटचा एक कोपरा किंचित तिरका कापलाय, तेवढी कसर. काम सावकाश होतं. गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, आणि कागद कुठला वापरणार ते आधी हातात घेऊन बघा.