लाखांदूर तालुक्यातील एका रक्ततपासणी केंद्राचा अनुभव

रोवणी आटोपल्यावर धुऱ्यावरचे गवत कापून आलेल्या काकाजींचा ताप सहा दिवस उतरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी स्क्रब टायफस या, गवतातील बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची शंका घेऊन आम्हाला या केंद्रात पाठवले. जागा दोन खोल्यांची, बाके अपुरी आणि सकाळी दिलेल्या नमुन्याचा अहवाल हाती पडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. अर्थात टायफस ओळखण्यासाठीची नळीतील वाइल-फेलिक्स चाचणी रात्रभर ठेवावी लागते, हे मला नंतर कळले.

अहवाल समजावून सांगण्याची येथील तंत्रज्ञांची हातोटी मात्र मी जिल्ह्याच्या ठिकाणीही पाहिलेली नाही. या चाचणीत टायफसचा जंतू शोधलाच जात नाही. रुग्णाच्या रक्तद्रवामुळे प्रोटियस या वेगळ्याच जंतूच्या गुठळ्या होतात का, एवढेच पाहतात. प्रोटियसचा ओएक्स-के हा प्रकार स्क्रब टायफससाठी, तर ओएक्स-१९ हा प्रकार उवांमुळे पसरणाऱ्या टायफससाठी.

या ओएक्स-१९ वर बोट ठेवून त्यांनी पोलंडमधील रोझवादुफ येथील डॉक्टर युजेनियुश वाझोव्स्की यांची हकिकत सांगितली. मारलेले प्रोटियस जंतू टोचल्यास माणूस आजारी पडत नाही, पण चाचणी होकारार्थी येते, हे नाझी अंमलात त्यांचे सहकारी डॉक्टर स्तानिस्वाव मातुलेविच यांच्या ध्यानात आले. मग दवाखान्यात येणाऱ्या गावकऱ्यांना ते इंजेक्शन देऊन दोघे रक्ताचे नमुने जर्मन प्रयोगशाळेकडे धाडत राहिले, परिसर साथग्रस्त ठरला आणि सक्तीच्या मजुरीसाठी माणसे नेणारे जर्मन तिकडे फिरकेनासे झाले. ज्यूंना मात्र ही सुई देता येत नव्हती, कारण टायफस झालेल्या ज्यूंना नाझी ठार मारीत. होकाराचा शिक्का जर्मनांच्याच प्रयोगशाळेचा होता, ही बाब मला सर्वाधिक भावली. १९७७ साली दोघांनी एका अमेरिकी नियतकालिकात हे सारे लिहिले, तोवर वाझोव्स्की शिकागोत स्थायिक झाले होते.

हे सांगण्यात तंत्रज्ञांचा हेतू करमणुकीचा नव्हता. जी चाचणी जर्मनांना चकवू शकली ती आपल्यालाही चकवेल, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका, असे सांगून त्यांनी आयजीएम एलायझा या, स्क्रब टायफसविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीसाठी दुसरा नमुना नागपूरला पाठवला. डॉक्टरांनी त्या अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी काकाजींनी भाकर मागितली.

पावती विचारल्याशिवाय मिळत नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत.