सिंगापुरात बोट सहा तास: गार्डन्स की लिटल इंडिया?

बोट मरीना बे क्रूझ सेंटरला लागणार, सोबत सासूबाई. म्हणून जावेचा प्रश्न: गार्डन्स बाय द बे हे मोठं उद्यान की लिटल इंडिया ही भारतीय वस्ती?

अंतरात गार्डन्स सरस, टॅक्सीने लगेच. लिटल इंडियाला मरीना साउथ पिअर स्टेशनहून मेट्रो, धोबी घाट स्टेशनला गाडी बदलायची. (हो, तिथेही धोबी घाट!)

खर्च? गार्डन्समधले सुपरट्री (झाडासारखे उंच मनोरे) खालून बघायला फुकट. फ्लॉवर डोम, क्लाउड फॉरेस्ट या काचघरांना तिकीट. पण आत एसी, आणि दुपारच्या दमट उकाड्यात तेच वसूल. लिटल इंडियात तिकीट नाही, टेक्का सेंटर या बाजारात डोसा स्वस्त, पण पायपीट फार.

सासूबाई असतील तर गार्डन्सच. खरेदी, खादाडी हवी आणि पाय धड असतील, तर लिटल इंडिया. दोन्ही एकाच दिवशी नकोच; इमिग्रेशनची रांगही वेळ खाते.