आडवी बाटली, धाड की एमपीडीए? वस्तीतल्या दारूच्या त्रासावर कुठला उपाय लागू पडतो

त्रास परवाना असलेल्या दुकानाचा आहे की विनापरवाना गुत्त्याचा, हे आधी ठरवा. अनेकदा इथेच गल्लत होते आणि हातभट्टी विकणाऱ्या खोलीविरुद्ध आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाच्या, सह्या गोळा होतात. मतदानाने रद्द होतो तो परवाना. ज्याच्याकडे तो नाहीच, त्याला मतदानाची कसली भीती?

परवानाधारक दुकान किंवा बारसाठी राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाचा आधार आहे. प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होतं. नोंदणी झालेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. गावात हे जमतं. मुंबईच्या 227 प्रभागांत आकडेच अंगावर येतात. समजा प्रभागात 20,000 महिला मतदार आहेत: सह्या हव्यात 5,000 आणि मतं 10,001. मतदान 55 टक्के झालं तर आलेल्या 11,000 बायकांपैकी जवळपास 91 टक्के आडव्या बाटलीकडे वळायला हव्यात. गाव सोडून गेलेल्या, वारलेल्या, दुबार नावांच्या मतदारही या एकूण आकड्यात मोजल्या जातात. सह्या बाद होतात त्या मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक न लिहिल्याने, शेजारच्या प्रभागातल्या नावांमुळे, किंवा एकाच हाताने दहा सह्या केल्यामुळे. यादीची छापील प्रत समोर ठेवूनच सह्या घ्या, आणि अर्जाआधी चालू निकषांची प्रत विभागाकडून मागून घ्या. एवढं करून दुकानदार कोर्टात गेला की पुन्हा थांबणं आलंच.

म्हणून शहरात परवान्याच्या अटी मोडल्याच्या तक्रारी जास्त कामाच्या. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. दुकानासमोर फुटपाथवर पिणं, वेळेनंतर अर्ध्या शटरमधून विक्री, मुंबईत रात्री 1.30 नंतर चालू राहिलेली परमिट रूम: प्रत्येक वेळी 112 ला फोन करा, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा आणि तारीखवार यादी उत्पादन शुल्क अधीक्षकांना आवक शिक्क्यासह द्या. दोन-चार तक्रारींनी काही हलत नाही. सलग नोंदी असल्या की परवाना निलंबनाची कारवाई टाळणं अवघड जातं.

गुत्त्याचं गणित वेगळं. धाड लवकर पडते, पण टिकत नाही: पंचनामा होतो, माल ओतून देतात, आरोपी जामिनावर सुटतो आणि आठवड्यात खोली पुन्हा उघडते. "इथे दारू विकतात" एवढं लिहिलेली तक्रार फुकट जाते. माल किती वाजता येतो, रबरी ट्यूबमधून की कॅनमधून, कुठल्या गाडीने, साठा कोणाच्या खोलीत, हे लिहा. 2015 च्या मालवणी दुर्घटनेत शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलमुळे. म्हणून गिऱ्हाइकापेक्षा पुरवठ्याची माहिती मोलाची.

त्याच त्या माणसावर गुन्हे साचले असतील तर एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले वगैरेंच्या घातक कृत्यांना आळा घालणारा कायदा. 1981 च्या या कायद्याखाली पोलीस आयुक्त हातभट्टीवाल्याला बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतात. धाडीपेक्षा जबर, पण कोर्टात टिकवणं कठीण. नमुन्याच्या रासायनिक अहवालात दारू आरोग्याला घातक असल्याचं स्पष्ट नसणं, शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत महिने गेलेले असणं, आणि साचेबंद इन कॅमेरा (नाव गुप्त ठेवून घेतलेले) जबाब, या तीन गोष्टींवर स्थानबद्धतेचे आदेश कोसळतात. पहिल्या दोन पोलिसांच्या हातात आहेत, तिसरी रहिवाशांच्या. जबाबात साक्षीदाराचं नाव आरोपीला कळत नाही, म्हणून बिनधास्त पण नेमकं सांगा: कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत, काय धमकी दिली, कोणी दारं लावून घेतली. वैयक्तिक भांडण वाटलं तर ते नुसतं कायदा-सुव्यवस्थेचं, म्हणजे एक-दोघांपुरतं, प्रकरण ठरतं. सार्वजनिक सुव्यवस्था, म्हणजे सगळ्या वस्तीचं रोजचं जगणं, बिघडल्याचं दिसलं तरच आदेश तगतो.

सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्हा बघावा. 2015 ला लावलेली दारूबंदी, अवैध विक्री आणि गुन्हे वाढल्याचं सांगत सरकारने 2021 मध्ये उठवली. आपल्या गल्लीतलं देशीचं दुकान बंद करून घेतलं तर पुढचे सहा महिने मागच्या खोल्यांवर नजर ठेवा आणि कॅन दिसल्या दिवशीच वर सांगितलेली तक्रार द्या.