किचनचं वायरिंग: तीन इलेक्ट्रिशियन, तीन सल्ले, कोणाचं घ्यावं?

नवं किचन दाखवलं की एक म्हणतो, "सगळीकडे चार एमएमची (तांब्याचा छेद चार चौरस मिलिमीटर) वायर ओढा." दुसरा म्हणतो, "अडीच एमएम पुरते, पण प्रत्येक पॉइंट डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) वेगळा." तिसऱ्याचं मत, "वायर कुठलीही चालेल, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा म्हणजे झालं." तिघंही अनुभवी असतात. पण पहिला वायरचं बोलतोय, दुसरा लोडचं आणि तिसरा शॉकचं, म्हणून उत्तरं जुळत नाहीत.

चार एमएमवाला ऐकायला भक्कम वाटतो. पण जळालेला बोर्ड उघडून पाहा: काळं पडलेलं असतं ते टर्मिनल, वायरचा मधला भाग क्वचितच. एका टर्मिनलमध्ये चार एमएमच्या दोन-तीन वायरी कोंबून लूपिंग (एका पॉइंटवरून पुढच्या पॉइंटला जोडणी) केलं की एखादी सैल राहते आणि तिथेच तापते. शिवाय जाड वायर म्हणून 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप उडणारा स्विच) लावतात. सॉकेट मात्र 16 अँपिअरचंच. त्यात मल्टिप्लग घालून 25 अँपिअर ओढले तरी एमसीबी ढिम्म. पॉवर पॉइंटला चार एमएम घालायला हरकत नाही, पण मागचा एमसीबी सॉकेटला झेपेल असाच हवा.

दुसऱ्याचा सल्ला सगळ्यात चांगला, थोडा छाटून घ्यावा. 230 व्होल्टवर 2000 वॉटची इंडक्शन शेगडी 8.7 अँपिअर घेते, 1500 वॉटची किटली 6.5, मायक्रोवेव्हचे 1200 वॉट म्हणजे 5.2. तिन्ही एका सर्किटवर चालवली तर 20 च्या वर. 16 अँपिअरचा एमसीबी इथे लगेच उडत नाही. 1.13 पटीपर्यंत त्यानं तासभर टिकायचं असतं आणि 1.45 पटीला तासाभरात उडायचं असतं. मधल्या पट्ट्यात कधी उडेल याचा नेम नाही. मग कोणीतरी सुचवतं, "25 चा टाका, उडणार नाही." हा सल्ला देणाऱ्याला तिथेच थांबवा. एमसीबी वायर वाचवायला असतो.

म्हणून ओट्यावर अडीच एमएमची दोन सर्किटं घ्या आणि शेजारशेजारचे बोर्ड आलटूनपालटून त्यांवर टाका. ओव्हन आणि डिशवॉशर प्रत्येकी वेगळे. चिमणी, हॉबचं इग्निशन, प्युरिफायर यांना मात्र स्वतंत्र वायर ओढणं हा निव्वळ खर्च. दीड एमएमच्या एका सर्किटवर सगळे मावतात. 7000 वॉटचा बिल्ट-इन इंडक्शन हॉब असेल तर गणितच वेगळं. तो 30 अँपिअर मागतो, त्याला सहा एमएम आणि स्वतःचा एमसीबी लागतो. आधी हॉबसोबतची जोडणीची आकृती पाहा.

तिसऱ्याचा आरसीसीबी हवाच, 30 मिलीअँपिअरचा. पण तो फक्त गळती ओळखतो. ओव्हरलोड त्याला कळतच नाही. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल बोर्डात कुठे एकत्र झाले तर उपकरण चालू करताच ट्रिप होतं, आणि दोष आरसीसीबीच्या माथी मारून तो काढून टाकला जातो. फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्या. नाहीतर ओव्हनच्या एलिमेंटमध्ये ओल शिरली की फ्रिजही बंद, आणि कळणार दुसऱ्या दिवशी.

अर्थिंग आलेलं नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारा भेटला तर त्याच्याकडून काहीच करून घेऊ नका. मागे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट.

डिशवॉशरचं सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवं, हे तिघांपैकी बहुधा कोणीच सांगत नाही. पाइप भिंतीत तिरके नेऊ देऊ नका. टाइल लागण्याआधी मोजायची टेप धरून पाइपांचे फोटो काढा. त्याच वेळी, काही जोडलेलं नसताना, 500 व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर टाइलवाल्याला थांबवा. नवी वायर असेल तर रीडिंग याच्या कितीतरी वर यायला हवं, त्यामुळे जेमतेम 1 आलं तरी कुठे खिळा लागलाय का ते शोधायला लावा.