डोडेसिलअमाइन: सोनं पाण्यातून टोल्युइनमध्ये, ४ स्टार
सायट्रेटवालं गोल्ड सोल (म्हणजे सायट्रेटने स्थिर ठेवलेले, पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण) टोल्युइनमध्ये, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात न्यायचं होतं म्हणून लॅबसाठी डोडेसिलअमाइनची, म्हणजे कणांना चिकटून त्यांना तिकडे नेणाऱ्या रसायनाची, ही बाटली मागवली, खरं सांगतो, पैसा वसूल. अमाइन इथेनॉलमध्ये विरघळवायचं, लालभडक सोलमध्ये ओतून २-३ मिनिटं ढवळायचं, मग टोल्युइन घालून परत हलवायचं, थर वेगळे झाले की सगळा लाल रंग वर आणि खाली पाणी एकदम नितळ, बघतच राहावं. इथेनॉल मात्र वगळू नका हां, ते पाण्यातही मिसळतं आणि अमाइनलाही विरघळवतं, म्हणून तर अमाइन कणांपर्यंत पोचतं.

आता कटकट. हे २८ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे पुण्यात मे महिन्यात बाटलीत तेल आणि डिसेंबरात गोळा, वजन करताना वैताग येतो. वास सडक्या मासळीचा, हूडबाहेर (वास-वाफा खेचून घेणाऱ्या लॅबच्या कपाटाबाहेर) उघडलीत तर शेजारचे शिव्या घालतील. विक्रेत्याने झाकणही धड सील केलं नव्हतं, एक स्टार तिथंच गेला.

सोन्यावर अमाइनची पकड थायॉलइतकी (गंधकवाल्या रसायनांइतकी) घट्ट नसते, कण टिकवायचे असतील तर नंतर डोडेकेनथायॉल हे थायॉल टाका. एनसीएलमध्ये (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्रींच्या ग्रुपने ऑक्टाडेसिलअमाइन या जास्त लांब साखळीच्या अमाइनवर बरंच काम केलंय, तेही चालतं, पण मला हेच सोयीचं वाटलं.