मृत्यूचा दाखला: खिडकीवरून प्रती घ्याव्यात की क्यूआर कोडची पीडीएफ पुरे?

तेरावा उरकतो आणि घरात कुणीतरी विचारतं, "दाखल्याच्या प्रती किती काढायच्या?" कुणी पाच म्हणतं, कुणी दहा. भाचा मोबाइल पुढे करतो, "मामा, एकच पुरे, पीडीएफ आहे ना." सगळ्यांचंच थोडंथोडं बरोबर असतं.

मुळात जायचं कुठे, इथेच अनेकांचे दोन हेलपाटे फुकट जातात. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस साताऱ्याकडच्या खेड्यातला, पण गेला पुण्याच्या दवाखान्यात, तर दाखला पुणे महापालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीकडे मागून उपयोग नाही. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालय देतं, घरी झालेल्याची घरच्यांनी 21 दिवसांत द्यायची. स्मशानातली पावती म्हणजे दाखला नव्हे. ती जपून ठेवा, पण बँकेत काढू नका.

आता तुलना. खिडकीवर मिळते ती जन्म-मृत्यू निबंधकाच्या सहीची, गोल शिक्क्याची प्रत. फी किरकोळ असते, खर्च होतो तो अर्ध्या दिवसाचा. फायदा एकच, पण मोठा: समोरचा कारकून ती उलटीपालटी करून बघतो आणि ठेवून घेतो, वाद घालत नाही. विमा कंपनीकडे किंवा जिथे मूळ प्रत जमा होते तिथे हीच द्यावी.

पीडीएफवर डिजिटल सही आणि क्यूआर कोड असतो. हवी तितक्या वेळा छापा, दुसऱ्या शहरातल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे डिजिटल सहीला मान्यता आहे. अडचण वेगळीच येते. सही पडताळून न घेता फाइल छापली तर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह उमटतं, आणि ते बघून खिडकीवरचा माणूस कागद परत सरकवतो. संगणकावर फाइल उघडून सहीवर टिचकी मारा, ती वैध असल्याची हिरवी खूण आणा, मग छापा. आणि पीडीएफ उतरवताना संकेतस्थळाचा पत्ता gov.in ने संपतो का ते बघा, कारण हुबेहूब दिसणारी बनावट पानं आहेत.

तिसरा पर्याय झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी'चा शिक्का. गॅस, वीजमीटर, सोसायटी इथे बहुतेक वेळा चालून जातो. तिथे मूळ कागद वाया घालवू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी दहा प्रती घेणं हा शुद्ध उतावळेपणा आहे. खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत मिळतो; जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर तो नोंदणीपासून सात दिवसांत द्यायचा असतो. तो हातात आला की चहा घेत बसा आणि आधार कार्ड, पासबुक, सातबारा शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. सातबाऱ्यावर 'पांडुरंग गणू', आधारवर 'पांडुरंग गणपत', दाखल्यावर नुसतं 'पांडू', हे नेहमीचंच. आजीच्या बाबतीत तर माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे. चूक असेल तर निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि दुरुस्ती झाली की आधी घेतलेल्या सगळ्या प्रती रद्दीत. नाव जुळलं की मग शिक्क्याच्या दोन-तीन घ्या आणि बाकी कामं पीडीएफवर भागवा. विमा पॉलिसी जितक्या, तितक्या प्रती वाढवा.

विम्याचंच आणखी एक. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे कितीही प्रती घेतल्या तरी कारण त्यातून सिद्ध होत नाही. कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं असतं. त्याची प्रत रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची असते. डिस्चार्जच्या गडबडीत ती मागायला कुणालाच सुचत नाही.

मुलगा अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असेल आणि तिकडे दाखला दाखवायचा असेल, तर एक शिक्क्याची प्रत बाजूला काढा. तिच्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणन होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा यासाठीचं प्रमाणन) चिकटतं, म्हणजे तो कागद त्याच कामाला लागतो. दुबईला अपोस्टिल चालत नाही, तिथे वकिलातीचा शिक्का लागतो.

आणि आजोबा साठ-सत्तर वर्षांपूर्वी गावी वारले असतील तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. पीडीएफ मिळण्याची आशा कमीच. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (कोतवाल बुक), शोधायला सांगा. जाताना साल तरी नक्की करून जा, नाहीतर जुनी पानं उलटण्यात दिवस जाईल.