नॉरफोक ते सेंट ऑगस्टीन, बोटीने २४ दिवस: वॉटरवे आणि तिथल्या मरीनांचा रिव्ह्यू

परत आल्यापासून बरेच जण विचारतायत की कसा होता वॉटरवे, मरीना (भाडं देऊन बोट बांधून ठेवायच्या जागा) कशा असतात, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दादा रिटायर झाल्यावर त्याने ३६ फुटी सेकंडहँड ट्रॉलर घेतली, मासेमारीची नाही हां, राहायची, आत दोन झोपायच्या खोल्या, एवढासा ओटा, एक डिझेल इंजिन, आणि वेग सात नॉट, म्हणजे तासाला सात समुद्री मैल, निवांत सायकल चालवल्यासारखा. त्याला आणि वहिनीला गेल्या ऑक्टोबरमध्ये बोट व्हर्जिनियातून फ्लोरिडाला न्यायची होती, तिसरा माणूस हवा होता, मी सुट्टी टाकली आणि गेले. दादा सुकाणूवर, वहिनी चार्ट (पाण्यातले नकाशे) आणि रेडिओवर, आणि मी पुढे टोकाला दोर घेऊन. त्यामुळे हा रिव्ह्यू दोर पकडणाऱ्या माणसाचा आहे असं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे, सगळे नुसतं वॉटरवेच म्हणतात, म्हणजे किनाऱ्याच्या आतल्या बाजूने जाणारा पाण्याचा रस्ता, खाड्या, नद्या, मोठमोठे उथळ साउंड (किनारा आणि बेटांमधलं पसरट पाणी) आणि त्यांना जोडणारे खोदलेले कालवे. नॉरफोकला मैल शून्य आणि मायामी साधारण १,०९० मैलांवर. हे मैल जमिनीवरचे बरं का, समुद्रातले नॉटिकल नाहीत, पहिल्या दिवशी आमचा वेळेचा सगळा हिशेब ह्यातच चुकला. आम्ही सेंट ऑगस्टीनपर्यंत गेलो, मैल ७७८. घाई करता येत नव्हतीच कारण दादाच्या इन्शुरन्समध्ये १ नोव्हेंबरच्या आधी फ्लोरिडाच्या हद्दीत जायचं नाही अशी अट होती, हरिकेनचा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत असतो ना.

सुरुवातीला दोन रस्ते आहेत, आम्ही डिस्मल स्वॉम्प कॅनॉलचा घेतला. २२ मैल सरळ रेघ मारल्यासारखा कालवा, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि इतकं स्थिर की झाडं खाली उलटी उगवल्यासारखी दिसतात. हा कालवा गुलाम माणसांनी हाताने खोदलाय, १७९३ ला काम सुरू झालं आणि १८०५ ला तो उघडला, दलदलीत कंबरभर पाण्यात उभं राहून. ते वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून दोन्ही काठांकडे बघत होते. दोन टोकांना दोन लॉक आहेत, म्हणजे दरवाजे लावून पाण्याच्या पातळीने बोट वर-खाली करायच्या जागा, डीप क्रीकच्या लॉकमध्ये बोट साधारण आठ फूट वर चढते. इथे माझी पहिली परीक्षा. भिंतीवरच्या खुंट्याला दोर घातला की तो बोटीला पक्का बांधायचा नाही, हातातच धरायचा, पाणी चढतं तसतसा ओढून घ्यायचा. पक्का बांधला तर बोट वर जाते आणि दोर खाली ओढतो. वीस मिनिटं मी तो दोर धरून उभी होते, हातमोजे नव्हते, तळवे लाल झाले, पुढच्याच थांब्याला पहिली खरेदी हातमोज्यांची. लॉक उघडणारा माणूसच नंतर गाडीत बसून पुढे जातो आणि पुढचा पूल पण तोच उघडतो, आपण पोचेपर्यंत तो तिथे हजर. मला हे फार आवडलं.

कालवा संपल्यावर पुढे एलिझाबेथ सिटी. तिथे गावाने पाहुण्या बोटींसाठी फुकट धक्के ठेवलेत, ४८ तास राहता येतं. वीज नाही, पाणी नाही म्हटलं तरी चालेल, खुंट लांब लांब आहेत आणि जोराचा वारा असला तर रात्रभर बोट हलते, तरी मी ह्या थांब्याला पूर्ण मार्क देईन. आम्ही आत शिरताना कुणी नोकरीवर नसलेले दोन आजोबा बाकावरून उठून आले आणि आमचे दोर पकडले, वाऱ्यात कुठल्या खुंटाला आधी बांधायचं ते सांगितलं आणि परत बाकावर जाऊन बसले.

आता मुद्द्याचं, मरीना. २४ रात्रींपैकी १५ आम्ही मरीनात काढल्या, बाकी नांगर टाकून किंवा फुकट धक्क्यांवर. भाडं फुटावर असतं, आम्हाला फुटाला दोनपासून साडेतीन डॉलरपर्यंत पडलं, म्हणजे ३६ फुटाला एका रात्रीचे ७२ ते १२६ डॉलर, वीज बऱ्याच ठिकाणी वेगळी. पहिल्या आठवड्यात आम्ही फोटो बघून मरीना निवडत होतो, पूल आहे का, बाथरूम नवीन आहेत का, लाँड्री आहे का. दुसऱ्या आठवड्यापासून फोटो बघणं सोडून दिलं. मरीना कशी आहे हे रेडिओवरच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतं हो, खरंच सांगते. चॅनल १६ वर हाक मारायची, ते दुसऱ्या चॅनलवर बोलावतात, आणि मग वहिनी तीन प्रश्न विचारायची, आम्हाला दिलेल्या स्लिपमध्ये (बोट बांधायच्या जागेत) पूर्ण ओहोटीला किती पाणी, आम्ही पोचू तेव्हा करंट, म्हणजे पाण्याची ओढ, कुठून कुठे, आणि कुठली बाजू लावायची म्हणजे फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायच्या उशा) तिकडे बांधता येतील. जिथे समोरचा माणूस न विचारताच ह्या तिन्ही गोष्टी सांगतो तिथे डोळे मिटून जावं, मग बाथरूम जुनी का असेनात.

नॉर्थ कॅरोलिनात ओरिएंटलच्या आसपास आम्हाला असाच एक मिळाला, विशीतला मुलगा, डॉकहँड, म्हणजे धक्क्यावर बोटी बांधून घेणारा. वारा आम्हाला धक्क्यापासून लांब ढकलत होता, मी नेहमीसारखा पुढचा दोर फेकायला हात उचलला तर तो म्हणाला, ताई तो नको, मधला द्या. मधला म्हणजे बोटीच्या कमरेतून मागे जाणारा स्प्रिंग. त्याने तो धक्क्यावरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) एक वेढा मारून धरला आणि दादाला सांगितलं की आता पुढचा गिअर टाका, अगदी हळू, आणि सुकाणू धक्क्यापासून उलट बाजूला फिरवा. बोट पुढे जायला बघते, दोर तिला जाऊ देत नाही, आणि ती आपोआप सगळ्या अंगाने धक्क्याला येऊन टेकली, वाऱ्याविरुद्ध, कुणी ओढलं नाही की ढकललं नाही. एवढा वेळ मी वीस हजार पौंडांची बोट हाताने ओढायला बघत होते. त्यानंतर पूर्ण प्रवासात आम्ही आधी मधलाच दोर दिला आणि एकदाही धडकलो नाही.

आणि ह्याच्या अगदी उलट अनुभव पण आला, नाव लिहीत नाही, कुठल्या राज्यात तेही नाही. फोटोत सगळ्यात सुंदर मरीना होती, आधीच ऑनलाइन पैसे भरून बुकिंग केलेलं. रेडिओवर विचारलं ओहोटीला पाणी किती, उत्तर आलं भरपूर आहे काळजी करू नका. आमच्या बोटीला चार फूट लागतं. पोचलो तेव्हा धक्क्यावर कुणीच नाही, करंट आडवा, दोन प्रयत्न फसले, शेवटी शेजारच्या शिडाच्या बोटीतली बाई धावत आली आणि तिने दोर घेतला. विजेच्या खांबावरचं ३० अँपचं सॉकेट जळून काळं पडलेलं, ऑफिसला सांगितलं तर उद्या बघू. रात्री दोनला मला जाग आली कारण उशी एका बाजूला घसरत होती. वर येऊन बघितलं तर बोट चिखलात बसलेली, थोडी कललेली, डेप्थ मीटरवर ३.६. काही मोडलं नाही, चिखल मऊ होता, पण रात्रभर तिघंही बसून राहिलो आणि सकाळी भरती येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेनऊपर्यंत, निघता आलं नाही. पैसे परत नाहीच. मला राग चिखलाचा नाही आला, वॉटरवेवर सगळेच कधी ना कधी टेकतात, राग आला तो त्या भरपूर ह्या शब्दाचा. सरळ साडेतीन फूट म्हणाले असते तर आम्ही पुढे गेलो असतो, संपलं.

खोलीचा विषय निघालाच आहे तर हे पण वाचा. कागदावर फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट खोली राखायची असं ठरलेलं आहे, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं काम ते, पण गाळ भरत राहतो आणि प्रत्यक्षात काही ठिकाणी त्याच्या निम्मं पण मिळत नाही, खासकरून जिथे समुद्राचं तोंड वॉटरवेला येऊन मिळतं तिथे. चार्टवरची गुलाबी-जांभळी रेघ आहे ना, तिच्यावर डोळे मिटून चालायचं नाही, खुणा बघायच्या. दक्षिणेला जाताना पिवळा त्रिकोण उजव्या हाताला, पिवळा चौकोन डाव्या हाताला. लाल-हिरव्या खुणांच्या रंगाआधी त्यांच्यावरचं हे पिवळं बघा. केप फिअर नदीत उतरलो तेव्हा नदीच्या खुणा समुद्राकडून येणाऱ्यांसाठी लावलेल्या, त्यामुळे एरवी उजवीकडे असणारा लाल अचानक डावीकडे आला, दादा गोंधळून वळणारच होता, वहिनीने दुर्बिणीतून हिरव्या बॉयवरचा (तरंगत्या खुणेवरचा) इवलासा पिवळा त्रिकोण बघितला आणि ओरडली सरळ चल सरळ. फक्त त्या त्रिकोणामुळे वाचलो.

पुलांबद्दल थोडक्यात. फिक्स्ड, म्हणजे न उघडणारे, पूल बहुतेक ६५ फूट उंच, त्यांचा त्रास मोठ्या शिडाच्या बोटींनाच. आम्हाला मास्टसकट (वरच्या डोलकाठीसकट) २३ फूट लागतात त्यामुळे उघडणारे पूल सांभाळावे लागले. राइट्सव्हिल बीचचा पूल तासाच्या ठोक्याला उघडतो, दोन मिनिटं उशीर झाला की करंटमध्ये तासभर गोल गोल फिरत बसा. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात पूलवाल्यांशी चॅनल १३ वर बोलायचं, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ वर. नाव सांगून, नीट थँक्यू म्हणून बोललं की ते लोक खूप मदत करतात, एकाने तर मागून येणाऱ्या आमच्यासाठी चार मिनिटं पूल धरून ठेवला.

साउथ कॅरोलिनातली वॅकमॉ नदी हा माझ्यासाठी सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर दिवस. परत तेच चहाचं पाणी, पाण्यातच उभी असलेली सायप्रसची झाडं, त्यांच्यावर स्पॅनिश मॉस अशी लोंबतेय की वडाच्या पारंब्यांना कुणी राखाडी लोकर गुंडाळलीय असं वाटावं, झाडाझाडावर ऑस्प्रे पक्ष्यांची घरटी. सहा तासांत चार बोटी दिसल्या. दादाने इंजिन अगदी हळू केलं आणि कुणी काही बोललं नाही. ह्या चहाच्या पाण्याने बोटीच्या नाकाखाली तपकिरी डाग पडतो, त्याला इथे सगळे मिशी म्हणतात, आणि ती साबणाने जात नाही. चार्ल्स्टनला वहिनीने बाटलीतला लिंबाचा रस फडक्यावर घेऊन पुसला आणि दहा मिनिटांत पांढरी स्वच्छ. आम्लाने जातो तो डाग, महागडं केमिकल घ्यायची गरज नाही.

चार्ल्स्टनच्या मरीनाचा मेगाडॉक नावाचा धक्का दीड हजार फुटांहून लांब आहे, आमच्या पुढे-मागे तीन-तीन मजली याट, शहर बघायला उत्तम पण अॅशली नदीचा करंट जोरात, तिथे ओहोटी-भरतीच्या मधल्या शांत वेळेतच शिरा. त्यानंतर बोफर्ट आणि ब्यूफर्टचा घोळ घालू नका, स्पेलिंग एकच पण नॉर्थ कॅरोलिनातलं बोफर्ट आणि साउथमधलं ब्यूफर्ट, मरीनाला फोन करताना चुकीचं बोललात तर ते लगेच दुरुस्त करतात.

जॉर्जियाबद्दल लोक घाबरवतात आणि थोडं खरं आहे. भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक, नद्या नागमोडी, मरीना कमी. तिथे मरीना घ्यायचीच तर तरंगता धक्का असलेलीच घ्या, तो बोटीबरोबर वर-खाली होतो. फिक्स्ड धक्क्यावर रात्री बांधलेले दोर सकाळी एकतर ताणून तुटायला आलेले नाहीतर ढिले पडलेले. लिटल मड रिव्हर नावाप्रमाणेच चिखलाची आहे, आम्ही अर्धी भरती झाल्यावर, पाणी अजून चढत असताना गेलो, म्हणजे टेकलो असतो तरी पाण्यानेच उचललं असतं. कंबरलंड बेटाजवळ नांगर टाकला आणि संध्याकाळी छोट्या बोटीने काठावर गेलो तर रानटी घोडे मॉस लोंबणाऱ्या ओकच्या झाडांखाली चरत होते. त्या रात्रीचं भाडं शून्य.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि अचानक साडेपाचलाच अंधार. दिवसाला ५० मैल धरले असतील तर ते ४० करा, कारण अंधारात अनोळखी मरीनात शिरणं हे आम्ही एकदा केलं आणि परत करणार नाही. पंप-आउटचं पण आधी विचारा, मशीन आहे म्हणतात आणि बंद असतं, टॉयलेटची टाकी भरत आली की मग त्या एकाच गोष्टीसाठी मरीना शोधावी लागते.

माझे मार्क, वॉटरवेला पाचपैकी पाच, मरीनांना सरासरी चार, आणि तो एक मार्क त्या भरपूरवाल्यांनी घालवला. शेवटचा थांबा सेंट ऑगस्टीन. म्युनिसिपल मरीना ब्रिज ऑफ लायन्सला लागूनच दक्षिणेला आहे आणि पाणी तिथून धो धो वाहतं. वहिनीने हाक मारली, तीन प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर पलीकडून आवाज आला, आत्ता करंट तुमच्या मागून जोरात आहे, चाळीस मिनिटांत शांत होईल, तोपर्यंत पुलाच्या उत्तरेला थांबा, डावी बाजू लावा, ओहोटीला नऊ फूट मिळेल. आम्ही थांबलो. पूल उघडला तेव्हा मी मधला दोर हातात घेऊन उभी होते, आणि खाली धक्क्यावर दोन माणसं आधीच येऊन उभी होती.